वेरूळचा डोंगर, तांब्याच्या पत्र्यावर

वेरूळची लेणी किती जुनी, याची चौकशी चार्ल्स मॅलेटने केली तेव्हा त्याला दोन उत्तरे मिळाली. ब्राह्मणांनी चोख हिशेब मांडला. द्वापरयुग सरायला ३००० वर्षे उरली असताना एलिचपूरच्या इलू राजाच्या अंगात किडे पडले. वेरूळच्या शिवालय तीर्थाच्या पाण्याने तो बरा झाला आणि त्याने ही लेणी कोरवून घेतली. त्या ३००० वर्षांत कलियुगाची उलटून गेलेली ४८९४ वर्षे मिळवली की झाली ७८९४. मुसलमानांकडून मिळालेल्या हकिकतीतला आकडा पुष्कळच लहान होता: राजा इल हा शाह मोमीन आरिफ या पीराच्या वेळचा, म्हणजे ९०० वर्षांपूर्वीचा. मॅलेटने दोन्ही हकिकती लिहून कलकत्त्याला पाठवल्या आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १७९९ साली त्या छापून आल्या.

दुसरा आकडा खऱ्याच्या बराच जवळ होता. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या वेळचे, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पण हे नक्की व्हायला १८८३ साल उजाडले. रा. गो. भांडारकरांनी बडोद्याला सापडलेल्या एका ताम्रपटातले एलापूरच्या देवळाचे वर्णन वेरूळच्या कैलासाशी जुळवून दाखवले. त्या ताम्रपटात म्हटले आहे की विमानातून जाणारे देव ते देऊळ पाहून थक्क झाले, आणि घडवणाऱ्यालाही हे आपल्या हातून कसे झाले याचे नवल वाटले.

मॅलेट आणि भांडारकर यांच्यामध्ये जवळजवळ ९० वर्षे जातात. त्या काळात वेरूळ न पाहिलेल्या जगापुढे वेरूळ उभे केले ते मुख्यतः चित्रांनी. त्यांतला सगळ्यात मोठा संच १८०३ साली लंडनमध्ये निघाला: औरंगाबादजवळच्या वेरूळच्या डोंगरातली हिंदू कोरीव लेणी, २४ दृश्यांत. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. चित्रे जेम्स वेल्सची, आणि ती तांब्यावर कोरून छापली थॉमस डॅनियलने व त्याच्या देखरेखीखाली. तिसरे नाव असायला हवे होते. ते एका पुणेकराचे आहे, आणि या संचाची गोष्ट त्याला बाजूला ठेवून सांगताच येत नाही.

मॅलेट हा पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील. १७८६ पासून तो पुण्यात होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा जो तह १७९० मध्ये झाला, त्यात कंपनीची बाजू त्याने सांभाळली. राजकारणी तर तो होताच, पण त्याच्यात एक संग्राहकही दडलेला होता. दिसेल ते चित्रात उतरवून घ्यायची त्याला हौस, आणि त्यासाठी त्याने पुण्यातच एक माणूस हाताशी धरला होता. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट.

गंगारामच्या हातचे गेंड्याचे एक चित्र आहे. सवाई माधवरावाला जनावरांचे वेड, आणि त्याच्या शिकारखान्यात गेंडाही होता. चित्रावरची नोंद नोव्हेंबर १७९० ची आहे. ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण गंगारामला वेल्सने घडवले अशी समजूत सहज होते. १७९० मध्ये वेल्सने हिंदुस्थानात पाऊलही ठेवलेले नव्हते. गेंड्याच्या कातडीच्या घड्या आणि जाड पावलांवर तोललेले अंग कागदावर कसे बसवायचे, हे गंगाराम आपल्या डोळ्यांनी आणि आपल्या हाताने शिकला होता. मल्लांच्या कसरतीही त्याने काढल्या आहेत. समोरची वस्तू तिच्या वजनासकट पकडण्याची त्याची हातोटी होती.

वेल्स स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. तो १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी मॅलेटच्या बोलावण्यावरून पुण्यात आला. आला तो व्यक्तिचित्रे रंगवून पैसे मिळवायला, आणि पुण्यात त्याला बसायला मिळाले ते थेट सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्यासमोर. नाना फडणिसांचा लांबट, जागरूक चेहरा आज आपण ज्या चित्रावरून ओळखतो, ते वेल्सचेच. पेशव्याच्या संमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू झाली. तिथे वेल्सच्या हाताखाली रॉबर्ट मेबन नावाचा एक सहायक आणि काही स्थानिक कारागीर काम करत. गंगाराम त्यांत अग्रणी. युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश कसा दाखवायचा, लांबची वस्तू लहान कशी करायची, हे पुण्यात शिकवले जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

याच सुमारास वेल्सला लेण्यांचे वेड लागले. पश्चिम हिंदुस्थानातली लेणी आणि देवळे यांवर मोठा ग्रंथ काढायचा त्याचा बेत होता.

ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. कार्स्टन नीबूर हा डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तान मोहिमेतला जिवंत उरलेला एकमेव माणूस. १७६४ मध्ये मुंबईत असताना त्याने घारापुरीला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून तिथल्या मूर्तींची चित्रे आणि लेण्याचा आराखडा काढला, आणि ते सारे तांब्यावर कोरून १७७८ च्या आपल्या प्रवासवर्णनात छापले. इतकी वर्षे शेजारी राहूनही इंग्रजांनी हे काम केले कसे नाही, याचे त्याला नवल वाटले होते. त्याचे कोरीव काम कोरडे आहे. मूर्ती मापात आहेत, पण लेण्यातला अंधार त्यांत नाही. नंतर विल्यम हॉजेस आला. त्याच्या ४८ दृश्यांत वातावरण भरपूर, पण तपशिलाकडे दुर्लक्ष. एकाकडे माप होते, दुसऱ्याकडे हवा. दोन्ही एका पानावर आणले थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी.

१७८६ मध्ये हे काका-पुतणे कलकत्त्याला पोहोचले तेव्हा पुतण्या १६-१७ वर्षांचा होता. शहराची १२ दृश्ये काढून त्यांनी स्वतःच ती तांब्यावर उतरवली. चित्रकार, कोरणारा, तांबट आणि छापणारा अशी सगळी कामे आपल्यालाच करावी लागली, असे थॉमसने एका मित्राला पत्रात कळवले आहे. मग दोघे हिमालयाच्या पायथ्यापासून कन्याकुमारीपर्यंत फिरले. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणून जी पेटी असे, जिच्यात भिंग आणि आरशामुळे समोरचे दृश्य कागदावर उमटे, ती त्यांच्या सामानात होती. १७९३ मध्ये ते मुंबईला आले आणि वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी अशी जवळपासची लेणी दाखवली. वेरूळला मात्र दोघेही गेले नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

वेरूळ पाहिले ते मॅलेटने, गंगारामने आणि वेल्सने. मॅलेटसाठी गंगाराम तिथे राबला; वेल्सबरोबरही राबला. लेण्यांची चित्रे काढणे म्हणजे काय असते, हे सहलीला गेलेल्याला कळत नाही. कैलासाचे आवार सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, आणि मागची कड १०७ फूट उंच. आत उभे राहिले तर शिखर डोक्यावर येते आणि पायथा दिसतो. वर डोंगरावर चढले तर शिखर समोर येते आणि पायथा खड्ड्यात बुडतो. एका जागेवरून संपूर्ण कैलास दिसतच नाही. तो कोरला गेला वरून खाली, आणि कागदावर घेतानाही वरचे आणि खालचे असे निरनिराळे तुकडे जोडत घ्यावे लागतात. बाकीच्या लेण्यांत उजेड फक्त दारातून येतो. सकाळी एक मूर्ती दिसते, दुपारी दुसरी, आणि आतल्या गाभाऱ्यात दिवसभर काळोख. भर उन्हात तापलेल्या खडकावर बसून काढायचे, वटवाघळांच्या वासात बसून मोजायचे, आणि कागद घामाने खराब होऊ द्यायचा नाही.

या कामाने वेल्सचा जीव घेतला. १७९५ च्या नोव्हेंबरात, साष्टीत कान्हेरीच्या लेण्यांचे काम चालू असताना तापाने तो गेला. त्याच्या काही आठवडे आधी, २७ ऑक्टोबरला, शनिवारवाड्यात सवाई माधवरावाचा अंत झाला होता. ज्याच्या संमतीने चित्रशाळा चालली तो पेशवा गेला आणि ती चालवणारा चित्रकारही गेला. पुण्यात वारसाचा घोळ सुरू झाला, नाना फडणीस अडचणीत आले, आणि चित्रशाळेची आठवण ठेवायला कोणाला सवड उरली नाही. चित्रशाळा आणखी १० वर्षे टिकती तर महाराष्ट्रातल्या चित्रकलेला कोणते वळण लागले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुंबईत जे. जे. स्कूल निघाले ते १८५७ मध्ये. मधली ६० वर्षे रिकामी गेली.

वेल्सच्या वह्या आणि रेखाटने मॅलेटच्या हाती आली. तो १७९८ मध्ये इंग्लंडला परतला आणि पुढच्या वर्षी त्याने वेल्सच्या मुलीशी, सुसानाशी, लग्न केले. सासऱ्याचे अर्धे राहिलेले काम त्याने थॉमस डॅनियलकडे सोपवले.

आता हे काम तांब्यावर कसे उतरले ते पाहू, कारण या चित्रांचा सगळा गुण त्या प्रक्रियेत आहे. पद्धत ॲक्वाटिंटची. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. त्यावर राळेची बारीक पूड पाडायची, पोळी लाटताना पोळपाटावर पिठी भुरभुरावी तशी, आणि खालून ऊब द्यायची. कण वितळून पत्र्याला चिकटतात. चित्रात जो भाग पांढरा राहायचा, त्यावर रोगण लावून तो झाकायचा आणि पत्रा तेजाबात सोडायचा. राळेच्या कणांच्या मधल्या फटींतून तेजाब तांबे खाते. थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून धुवायचा, जिथे फिकट छटा पुरे तिथे रोगण लावायचे आणि पुन्हा तेजाबात. असे करत करत शेवटी फक्त सर्वांत गडद सावल्या उघड्या राहतात. मग पत्र्यात शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. उमटते ते उलटे, त्यामुळे मुळात पत्र्यावर सगळे डावे-उजवे पालटून काढावे लागते. छापलेल्या पानावर शेवटी जलरंगाचे हात फिरत, एकेका प्रतीवर वेगळे.

म्हणून या चित्रांत रेषेपेक्षा छटा बोलते. काळ्या खडकात खोदलेल्या जागेला याहून योग्य साधन त्या काळात दुसरे नव्हते. नीबूरला कोरणीच्या आडव्या-उभ्या रेघांनी जो अंधार साधला नाही, तो इथे तेजाबाने साधला. खांबांच्या रांगा आत आत जातात, प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा एक छटा गडद, आणि शेवटी मूर्ती असावी असा नुसता भास. वेरूळच्या लेण्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत जे दिसते ते हेच. कला म्हणून मी हा संच डॅनियलांच्या सगळ्या कामात वरचा मानतो. गंगेच्या घाटांची त्यांची दृश्ये देखणी आहेत, पण तिथे सोनेरी उजेड त्यांना आयता मिळाला होता. इथे त्यांना काळोख घडवावा लागला.

पण दस्तऐवज म्हणून? पत्रा तयार करणाऱ्याने डोंगर पाहिलेला नाही. त्याच्यापुढे आहेत मेलेल्या मित्राची रेखाटने आणि मॅलेटची आठवण. रेखाटनात जिथे पेन्सिल अस्पष्ट होती, तिथे लंडनमध्ये अंदाज बांधला गेला असणार. मूर्तींचे चेहरे गोंडस झाले आहेत, अंगे जरा ग्रीक झाली आहेत. झुडपे दृश्याच्या सोयीने उगवली आहेत. कोपऱ्यात इवलीशी माणसे ठेवली आहेत, ती उंचीचा अंदाज यावा म्हणून. त्या दिवशी तिथे कोण होते याचा तो पुरावा नव्हे. बखर वाचताना आपण जशी सावधगिरी बाळगतो, लढाईची जागा मानतो आणि मेलेल्यांचा आकडा पारखून घेतो, तशीच इथेही बाळगावी. लेण्याची मांडणी, खांबांची संख्या, मजले, दारे हे विश्वासाने घ्यावे. भाव आणि झाडी चित्रकाराची.

या पारखण्याचा उपयोग किती, याचे एकच उदाहरण पुरे. आज ज्याला ११ क्रमांक आहे ते बौद्ध लेणे 'दोन ताल' म्हणून ओळखले जाते. मॅलेट आणि वेल्स यांनी ते दोनमजली म्हणूनच नोंदवले. त्यांची चूक नव्हती. खालचा मजला शतकानुशतकांच्या गाळमातीत गाडला गेला होता. १८७६ मध्ये माती उपसली तेव्हा लेणे तीनमजली निघाले. म्हणजे वेल्सच्या काळची चित्रे आणि वर्णने लेण्याच्या घडणीविषयी अपुरी ठरली आणि १७९० च्या दशकात लेण्यांसमोर माती कुठवर चढली होती, याविषयी मात्र पक्की साक्ष झाली. चित्रकाराला दगड दाखवायचा होता; त्याने नकळत मातीही टिपली.

चित्रांखालची नावे पाहा. तेव्हा लेण्यांना क्रमांक नव्हते. वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांनी जी नावे सांगितली तीच लंडनला गेली आणि छापली गेली: इंद्रसभा, जगन्नाथसभा, धुमार लेणे, जानवसा, रामेश्वर, नीलकंठ, दशावतार, विश्वकर्मा. विश्वकर्मा म्हणजे दहावे लेणे, सुताराची झोपडी. तिथल्या चैत्याच्या छताला दगडात लाकडी फासळ्यांसारखे वासे कोरले आहेत. ते बघून लोकांनी आत बसलेल्या बुद्धाला देवांचा सुतार ठरवले. इंद्रसभेतला हत्तीवर बसलेला जैन यक्ष लोकांच्या लेखी इंद्र झाला. संचाच्या नावातच सगळी लेणी 'हिंदू' आहेत. ब्राह्मी लिपी अजून वाचायची होती. प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ मध्ये. बुद्ध या भूमीतल्या लोकांच्या आठवणीतून किती पुसला गेला होता, याचा असा दाखला दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही. आणि हेही त्यातून दिसते की वेरूळ तेव्हा ओसाड अवशेष नव्हते. शेजारी होळकरांच्या घराण्याने घृष्णेश्वराचे देऊळ नव्याने उभे केले होते, तीर्थाला यात्रेकरू येत होते, कैलासावर पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे अंश होते म्हणून त्याला लोक रंगमहाल म्हणत. लंडनच्या गिऱ्हाइकाला हवे होते पडके, रहस्यमय देऊळ. कागदावर त्याला तसे ते मिळाले. मात्र चित्राखालची नावे जागत्या, राबत्या गावाची आहेत.

हा संच डॅनियलांच्या १४४ चित्रांच्या मोठ्या ग्रंथाचा एक भाग ठरला आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पोहोचला. १८०५ मध्ये थॉमसने आणखी एक काम त्याच रीतीने पुरे केले: सवाई माधवरावाच्या दरबारात मॅलेट तह करतो आहे, ते भव्य तैलचित्र. त्या दरबारात थॉमस स्वतः नव्हता. चेहरे वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून घेतले, आणि आज पेशवाईच्या दरबाराचा विषय निघाला की हेच चित्र पुढे केले जाते.

पुढे लेणी पाहणाऱ्यांची रांगच लागली. जॉन सीली १८१० मध्ये मुंबईहून वेरूळला आला आणि १८२४ साली त्याने त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. ग्रिंडलेने कैलासाची चित्रे छापली. मग जेम्स फर्ग्युसन आला. तो मुळात निळीचा व्यापारी. त्याने कॅमेरा ल्युसिडा लावून लेणी रेखाटली आणि १८४५ मध्ये शिळाछापावर प्रसिद्ध केली. त्याला दृश्य नको होते, क्रम हवा होता: कोणते आधीचे, कोणते नंतरचे, खांब कसा बदलत गेला. तिथून लेण्यांचा अभ्यास चित्रकारांकडून पुरातत्त्वज्ञांकडे गेला, आणि थोड्याच वर्षांत कॅमेरा आला.

गंगारामची वेरूळची रेखाटने अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल विद्यापीठातल्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. मॅलेटच्या संग्रहातून ती तिथवर गेली. पेन्सिल आणि पातळ रंगाच्या हाताने केलेली ही कामे डॅनियलच्या पानांशेजारी ठेवली की फरक कळतो. डॅनियलकडे धूसर हवा आहे, गंगारामकडे नाही. तो खांब खांबासारखा काढतो, जिथे तुटला तिथे तुटलेला. मूर्तीला ग्रीक देहाची सवय त्याने लावलेली नाही, कारण ती सवय त्याच्या हातालाच नव्हती. त्याने देवळातल्या मूर्ती लहानपणापासून पाहिलेल्या होत्या. कलेच्या बाजारात डॅनियलचे पान महाग विकले जाईल. पण एखाद्या लेण्यात १७९० च्या दशकात काय शाबूत होते असा प्रश्न पडला, तर मी आधी गंगारामचा कागद उघडीन.

येलच्या सूचीत त्याची चित्रे त्याच्या नावावर नोंदलेली आहेत. आपल्याकडे डॅनियलांचे वेरूळ जिथे जिथे भिंतीवर टांगलेले असेल तिथे पाटीवर डॅनियल आणि वेल्स यांच्या जोडीला गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट, पुणे, एवढे शब्द आणखी लिहायला हवेत. त्यासाठी नव्या संशोधनाची वाट बघायचे कारण नाही. वेल्सची रोजनिशीही येलमध्येच आहे, आणि तिच्यात गंगाराम आहे.